दुसऱ्या मजल्यावरचे राखाडे

मार्च आला की माझं डोकं आपोआप फिरतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या सासूबाईसुद्धा या महिन्यात मला काही सुनावायचं असेल तर एप्रिलवर ढकलतात. या वर्षी मात्र पहिल्याच आठवड्यात निमित्त मिळालं. 'दुसरा मजला' नावाचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या मजल्यावर वाढलेली सगळी पोरं त्यात आहेत. आता कुणी ठाण्याला, कुणी डोंबिवलीला, कुणी माझ्यासारखं परळमध्ये भाड्याच्या खोलीत नव्या टॉवरची वाट बघत बसलेलं. एरवी तिथे गुड मॉर्निंगची फुलं आणि कुणाच्यातरी बारशाचे फोटो येतात. त्या दिवशी ओंकारने एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाचा फोटो टाकला. चिलखत घातलेला घोडा, मागे जळणारा किल्ला. नवी आवृत्ती निघाली होती म्हणे. खाली लिहिलं होतं, 'ओळखा पाहू! राखाडे आठवतात का?' आणि पुढे हसून हसून रडणारे ते पिवळे चेहरे. मग काय, रीघच लागली. 'कसले भारी दिवस होते यार!' 'आपल्या पोरांना काय कळणार ही मजा!' प्राचीने नुसता लाल बदाम टाकला. मी गवार निवडत होते. फोन उलटा ठेवला आणि शेंगा मोडत राहिले, जरा जास्तच जोरात.

भारी दिवस! अरे, कुणाचे?

बीडीडीचा मजला ज्याने पाहिला नाही त्याला सांगते. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या, म्हणून पॅसेजमध्ये भर दुपारी ट्यूबलाइट. उजेड आणि वारा हवा असेल तर जागा एकच, जिन्याचा मधला टप्पा, तिथल्या सिमेंटच्या जाळीपाशी. मार्च महिन्यात तो टप्पा दहावीवाल्यांचा. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळी चाळ पाळायची. फेब्रुवारी संपला की दहावीची पोरं तिथे चटया टाकायची आणि जाणारे-येणारे चपला हातात घेऊन कडेकडेने जायचे. घराघरातले टीव्ही खाली यायचे. भांडणंसुद्धा दार लावून व्हायची. वर गच्चीत पापड-कुरडया वाळत घातलेल्या, त्यांचा आंबूस वास, खाली कुणाच्यातरी तव्यावर सुकट, आणि जाळीतून येणारी गरम झुळूक. त्या वासात मी बीजगणित शिकले. म्हणजे प्राचीने मला शिकवलं. ती गणितात हुशार, मी भाषेत. एका चटईवर बसून आम्ही एकमेकींचं डोकं वापरायचो. पहिलीपासून एका बाकावर, एका चटईवर. प्राचीशिवाय मी शाळेत मधल्या सुट्टीत डबासुद्धा उघडायची नाही.

आमच्या वर्षी दहावीला मजल्यावरचे आम्ही पाच-सहा जण होतो. सगळे मराठी शाळेतले, एक ओंकार सोडून. ओंकार मजल्यावरचा एकुलता एक इंग्लिश मीडियम. त्याचा मामा गोदीत कामाला होता. बोटीवरच्या कुणीतरी वाचून टाकून दिलेलं एक पुस्तक त्याने भाच्यासाठी आणलं. विटेएवढं जाड, पानं पिवळी. त्यात कुळं होती, वंश होते, त्यांची पिढ्यान् पिढ्या चाललेली युद्धं होती. आम्हाला त्यातलं एक वाक्य धड वाचता येत नव्हतं. मग संध्याकाळी अभ्यास आटपला की ओंकार जाळीला टेकून पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि आम्हाला मराठीतून सांगायचा. लहान पोरंही पायऱ्यांवर येऊन बसायची. खोटं कशाला बोलू, काय सांगायचा तो! तलवार म्यानातून निघाली की ती लहान पोरं खरंच मान आत घ्यायची. नावंही त्यानेच मराठीत केली होती. डोंगरातले ते गिरिवंशी, नदीकाठचे ते नदकुळी, घोड्यांवर जगणारे ते अश्वकुळी. आणि ज्यांची कातडी राखेच्या रंगाची, ते राखाडे.

प्रत्येकाला एकेक कूळ वाटून दिलं होतं. ओंकार स्वतः गिरिवंशींचा सेनापती, हे सांगायलाच नको. प्राची आणि मी नदकुळी. राखाडं कुणीच नव्हतं. ते नुसते गोष्टीत होते, मरायला.

माझं चुकलं ते इतकंच की मी एक प्रश्न विचारला. किल्ल्याला वेढा पडलेला, आत गिरिवंशी अडकलेले, आणि राखाड्यांनी आतून दरवाजा उघडला. फितुरी! ओंकारने मांडीवर थाप मारून सांगितलं. सगळे 'शी' करून ओरडले. मी म्हटलं, "पण का उघडला? त्यांचेही लोक आतच होते ना?"

ओंकारला मध्येच थांबवलेलं चालत नसे. मला वाटतं, त्याला उत्तर माहीत नव्हतं. पुस्तक वाचताना तो भराभर पुढे जायचा, लढाया तेवढ्या वाचायचा. पण सेनापतीला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. तो म्हणाला, "तुला लई पुळका आलाय ना राखाड्यांचा? मग तूच राखाडी. आजपासून."

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, उद्या विसरेल.

दुसऱ्या दिवशी गोष्ट पुढे सरकली. गिरिवंशींच्या राजाने निवाडा केला, राखाड्यांना हद्दपार करा. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्या सावलीत बसायचं नाही, त्यांनी नदीच्या पाण्याला शिवायचं नाही. ओंकार पुस्तकाच्या पानावर बोट ठेवून वाचल्यासारखं सांगत होता. "लिहिलंय तसं," तो म्हणाला. छापलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार? आमच्या घरांत छापलेल्या गोष्टीला मान होता, आणि इंग्रजीत छापलेल्या गोष्टीला तर विचारायलाच नको. त्याच संध्याकाळी माझी चटई टप्प्यावरून उचलून आमच्या दारात आणून टाकलेली होती, गुंडाळून, अगदी व्यवस्थित. पॅसेजच्या टोकाला सामाईक नळ होता. सकाळी मी बादली लावली तर एका लहानग्याने ती पायाने सरकवली. "ए राखाडी, नदीला शिवू नको." दुसरीतला पोरगा असेल तो. नाकातला शेंबूड पुसायची अक्कल नव्हती, पण हे नीट पाठ होतं.

पुढे इतक्या वर्षांत मी या शब्दावर पुष्कळ विचार केलाय. हद्दपारी पुस्तकातून आली असेल असं तरी म्हणता येईल. पण 'शिवायचं नाही' हे कुठल्या बोटीवरून आलं? ते आमच्याच खोल्यांतून आलं होतं, आज्ज्यांच्या तोंडून, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावरून. पोरांना शिकवावं लागलं नाही. सगळे एका वाडीतल्यासारखे, सगळ्यांचे आजे मिलमध्ये, सगळ्यांचे बाप मिल गेल्यावर मिळेल त्या नोकरीत. एकमेकांहून वेगळं असं आमच्यात काही नव्हतं. एका खोलीतलं पोर दुसरीत जाऊन झोपलं तर सकाळपर्यंत कळायचं नाही. तरी एकदा एक माणूस खाली मिळाला म्हटल्यावर सगळ्यांना किती बरं वाटलं! मी बघत होते ना. त्यांचे चेहरे खुलले होते. तापट अश्वकुळी आणि रडके नदकुळी, ज्यांचं कालपर्यंत एका पतंगावरून वाजत होतं, ते माझ्या नावावर एक झाले.

आणि प्राची? प्राची पहिल्या दिवशी खाली मान घालून बसली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'थांब जरा' म्हणाली. नंतर डोळेही वर करेना. मी आमच्या खोलीत, मोरीच्या कट्ट्यावर वही ठेवून वर्गसमीकरणं सोडवत होते आणि एकही सुटत नव्हतं. आईला म्हटलं, "प्राची बोलत नाही." आई कुकरची शिट्टी काढत म्हणाली, "परीक्षा आहे तिला. तूही तोंड मिटून अभ्यास कर." मला अभ्यास नको होता. मला फक्त त्या चटईवर परत जायचं होतं. तेवढंच. दहावीची परीक्षा गेली खड्ड्यात, असं मला रोज वाटायचं.

मग होळी आली. शिमग्याला निम्मी चाळ गावी जाते, पण घरात दहावी असली की कुणी जायचं नाही, म्हणून त्या वर्षी आम्ही सगळे मुंबईतच. दोन चाळींच्या मधल्या मैदानात लाकडं रचली होती. अंधार पडता पडता होळी पेटली. बायकांनी नैवेद्य दाखवले आणि मग बोंब मारायची वेळ झाली. होळीपुढे बोंब मारतातच. तळहाताची उलटी बाजू तोंडावर आपटत, कुणाच्या ना कुणाच्या नावाने. मास्तर, घरमालक, सासरा, ज्याच्यावर राग असेल तो. ओंकार पुढे झाला आणि ओरडला, "राखाड्यांच्या नावानं बोंऽऽब!" पोरांनी असा दणका दिला की समोरच्या चाळीतली माणसं खिडकीत आली. पुन्हा, "राखाड्यांच्या नावानं..."

माझे बाबा होळीत टाकायला नारळ घेऊन आले होते. साधा माणूस. दिवसभर कुणाच्यातरी दारावर उभं राहायची नोकरी करून आलेला. पोरांचा तो दंगा बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, काहीतरी टीव्हीवरचं असेल. त्यांनी नारळ बगलेत धरला, उलटा हात तोंडावर ठेवला आणि सगळ्यांच्या वरताण आवाजात बोंब मारली. राखाड्यांच्या नावाने. पोरं तर नाचायलाच लागली. माझ्याकडे बोटं दाखवून दाखवून हसायला लागली. बाबांना वाटलं, ती आपल्यावर खूश आहेत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं शीतल, तू का गप्प? मार की! वर्षाचा सण आहे."

सगळे थांबून बघत होते. ओंकार बघत होता. प्राचीसुद्धा. बाबांच्या तोंडावर इतका आनंद होता की मला तो मोडवेना. मी हात उलटा केला आणि माझ्याच नावाने बोंब मारली.

आज माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेतून परवा एक कागद आला, मुलांमधल्या छळाबद्दल पालकांनी काय काळजी घ्यावी. मी तो वाचला आणि हसले. नवऱ्याने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, आमच्या वेळी याला खेळ म्हणायचे. तो म्हणाला, "अगं, पोरं होता तुम्ही. सोडून दे ना आता." सोडून द्यायला माझं काही जात नाही. पण चिडचिड याची होते की पोरं होतो म्हणजे जणू दात दुधाचे होते आणि चावा बसत नव्हता. बसत होता.

होळीनंतर दोनच दिवसांनी ओंकारच्या आईने मला पॅसेजमध्ये गाठलं. काकी मालवणच्या, बोलणं अजून तिकडचंच. पदराखालून त्यांनी ते विटेएवढं पुस्तक काढलं. "ह्यां बाड घेवन जा गो चेडवा. पेपर होयसर माका ह्यां घरात दिसाक नको. झील अभ्यास करणा नाय आणि दिवसभर ह्यातच तोंड." मी म्हटलं, पेपर संपेपर्यंत ठेवायला माझ्याकडेच का? त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे तो हल्ली येणा नाय, म्हणान." परीक्षेच्या दिवसांत असं घराघरात चालायचं. कुणाची बॅट शेजारी, कुणाचा कॅरम माळ्यावर. काकींना बिचाऱ्यांना आमच्या हद्दपारीचा पत्ता नव्हता, पण लपवायला जागा मात्र बरोबर निवडली. राखाड्यांच्या घरात कोण शोधायला येणार?

भूगोलाच्या पुस्तकाआड ते पुस्तक धरून मी वाचायला लागले. शेजारी शाळेच्या बक्षिसात मिळालेला शब्दकोश. एकेका ओळीला पंधरा-पंधरा मिनिटं. पानं उलटत मी फक्त तो दरवाजा शोधत होते. आणि इकडे टप्प्यावर गोष्ट चालूच होती, ऐकू यायची. ओंकारने सांगून टाकलं होतं की पुस्तक त्याला तोंडपाठ आहे. राखाड्यांवर रोज नवं काहीतरी येत होतं. आज त्यांची घरं जाळली, उद्या त्यांच्या बायकांच्या कपाळावर डाग दिले. त्याच्या हातात पुस्तक नव्हतं, म्हणजे आता त्याला कुणाची आडकाठीच नव्हती.

सापडला दरवाजा. मी ते पान इतक्या वेळा वाचलं की अजून डोळ्यांपुढे आहे. राखाड्यांनी दरवाजा शत्रूसाठी उघडलाच नव्हता. किल्ल्यातलं धान्य संपलं होतं. गिरिवंशींनी आपल्या लढवय्यांना पोसायचं म्हणून किल्ल्यातली पोरं उपाशी ठेवली होती. राखाड्यांनी पहाटे दरवाजा किलकिला केला तो त्या पोरांना बाहेर काढायला. सगळ्यांची पोरं, गिरिवंशींचीही. आणि नंतर आळ राखाड्यांवर टाकला गिरिवंशींच्या सेनापतीने, कारण किल्ला त्याच्या चुकीने पडला होता. हद्दपारी कुठेच नव्हती. पाण्याला शिवायचं नाही, हे तर नव्हतंच नव्हतं.

मला रडू आलं. आनंदाने. वाटलं, झालं, संपलं! हे पान वाचून दाखवायचं की मी परत चटईवर.

भूमितीचा पेपर झाला त्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन टप्प्यावर गेले. सगळे होते. ओंकारचा चेहरा पांढरा पडला. "कुठे मिळालं तुला?" मी उभ्याउभ्या वाचायला लागले. एक ओळ इंग्रजी, मग तिचं मराठी. अडखळत, मध्येच मागे जाऊन, बोट ओळीवर ठेवून. शब्द मला डोळ्यांनी माहीत होते, तोंडाने कधी म्हटलेच नव्हते. पहिल्याच ओळीला कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या ओळीला लहान पोरं माझी नक्कल करायला लागली. मी तरी वाचत राहिले. उपाशी पोरांपर्यंत मी पोहोचलेच होते.

ओंकारने पुस्तक माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. भराभर पानं उलटली, एका पानावर थांबला आणि वाचू लागला. काय वाचला! घडाघडा, एका दमात, आवाज चढवत, खाली आणत, एक हात हवेत. पोरं आ वासून ऐकत होती. मग त्याने अर्थ सांगितला, "आणि राजा गरजला, राखाड्यांचं बी पृथ्वीवर उरता कामा नये!"

मी डोकावून पान पाहिलं. ते पान मी वाचलेलं होतं. त्यात सैन्याच्या मुदपाकखान्याची यादी होती. मीठ किती, कांदे किती, पिंपं वाहायला खेचरं किती. मी ओरडले, "अरे, हे कांद्यांचं पान आहे! देवाशप्पथ, कांदे लिहिलेत!"

जो हशा पिकला! "कांदे! कांदे!" कुणी पायरीवर लोळलं, कुणी जाळीला डोकं टेकून हसलं. त्या संध्याकाळपासून मला कांदा हे आणखी एक नाव पडलं. मला तेव्हा कळलं की खरं काय आहे हे कुणाला हवंच नव्हतं. त्याचं इंग्रजी इंग्रजीसारखं वाजत होतं, माझं आमच्या सगळ्यांसारखं. आणि आमच्यासारखं बोलणाऱ्यावर आमचा विश्वास नव्हता.

पण मी पाहिलं होतं की हसली नव्हती एकटी प्राची. ती त्या पानाकडे बघत होती, तिची नजर ओळीवर सरकत होती. मीच तिला वर्षभर इंग्रजी शिकवलं होतं. मीठ, कांदा, खेचर, तिला वाचता येत होतं. मी रात्रभर त्या एका गोष्टीला धरून राहिले.

सकाळी नळावर ती एकटी भेटली. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. मी तिच्या शेजारी बादली ठेवली, तिने ती सरकवली नाही. मी म्हटलं, "तू वाचलंस ना? कांदेच होते ना?"

"हो," ती म्हणाली.

"मग सांग ना सगळ्यांना. तू सांगितलंस तर ऐकतील. मला परत यायचंय, प्राची."

तिची बादली भरत आली होती. तिने नळ बारीक केला, मागे वळून पॅसेजमध्ये कुणी येत नाही ना ते पाहिलं, आणि अगदी हळू, समजूत घातल्यासारखी म्हणाली, "ओंक्याला कुणीतरी राखाडी लागणारच. तू आत आलीस तर मग तो माझ्याकडेच बघणार. मला नाही गं जमायचं ते. तुला आता सवय झालीय."